अठराव्या शतकातला बॅले : नाट्यगृह उरलं, नाच कुठे गेला?

पागोळी

स्टॉकहोमहून बोटीने गेलं की ड्रॉटनिंगहोमचा राजवाडा लागतो. त्याच्या आवारात १७६६ साली बांधलेलं नाट्यगृह अजून उभं आहे. आत संगमरवर दिसतो तो नुसता रंग, आणि नक्षी दिसते ती कागदाच्या लगद्याची. राजा गुस्ताव तिसरा नाटकाचा वेडा. १७७३ मध्ये त्याने स्वीडनची स्वतःची बॅले मंडळी उभी केली. १७९२ मध्ये ऑपेरागृहातल्या मुखवट्यांच्या नाचातच त्याच्यावर गोळी झाडली गेली आणि तो गेला. पुढे हे नाट्यगृह अडगळीत पडलं. १९२१ मध्ये आग्ने बेयर नावाच्या अभ्यासकाला ते जसंच्या तसं सापडलं. रंगवलेल्या विंगा होत्या, समुद्राच्या लाटा फिरवायचे पिळाचे लाकडी रूळ होते, गडगडाटासाठी दगड भरलेली पेटीही होती. दोर तेवढे नवे घालावे लागले.

गेल्या उन्हाळ्यात मी तिथल्या बाकावर बसून आले. तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये. लाटा आहेत, ढग आहेत, गडगडाट आहे, पण त्या लाटांपुढे जे नाचलं गेलं त्यातलं आपल्या हातात काय आहे? घरी आल्यापासून मिळेल ते वाचतेय. जे कळलं ते इथे मांडते, चूक दिसली तर सांगा.

आधी एक गैरसमज बाजूला काढू. अंगठ्यावर उभी राहणारी, पांढऱ्या जाळीच्या झग्यातली नर्तकी या शतकात नाहीच. ती १८३० नंतरची. १७०० च्या आसपास पॅरिसच्या ऑपेरात नाचणाऱ्यांच्या पायांत टाचांचे बूट असत आणि तोंडावर मुखवटा. बायकांच्या झग्याखाली घेर धरून ठेवणारा सांगाडा असे, पुरुषांच्या कमरेलाही तसाच आखूड, ताठ घेर. चौदाव्या लुईने १६६१ मध्ये नृत्याची अकादमी काढली, त्याच्या नृत्यशिक्षकाने, बोशांने, पायांच्या पाच स्थिती बांधून दिल्या, १७१३ मध्ये ऑपेराची शाळाही रीतसर सुरू झाली. व्याकरण तयार होतं. पण नाच असे गाण्यांच्या मधे, शोभेपुरता. गोष्ट पुढे न्यायची ती गायकांनी. नर्तकांनी मधे येऊन डोळ्यांचं पारणं फेडायचं आणि बाजूला व्हायचं.

आणि तो नाच लिहिलाही जात होता! १७०० मध्ये फ्युये या नृत्यशिक्षकाने नृत्यलेखनाची पद्धत छापली. पान म्हणजे रंगमंच, वरून बघितलेला. डोक्यावर सुरावट. खाली एक वळणदार रेघ, नर्तक ज्या वाटेने जाणार ती वाट. तिला आडव्या छोट्या रेघा, एकेक ताल संपल्याची खूण. मुख्य रेघेच्या उजवीकडे उजवा पाय, डावीकडे डावा, आणि त्यांना बारीक काटे: इथे गुडघा वाकव, इथे उचल, इथे उडी. पान हातात घेऊन चालत गेलं तर तुमचं तोंड वळेल तसं पानही वळतं. अशी तीनशेहून जास्त नृत्यं आज शिल्लक आहेत. पण त्या पानावर हात जवळजवळ नाहीत, आणि चेहरा तर नाहीच. पुढचं सगळं दुखणं इथेच आहे असं मला वाटतं. कारण शतक पुढे सरकलं तसा बॅले पायांतून हातांकडे आणि चेहऱ्याकडे गेला.

पहिलं मोठं पाऊल पॅरिसमध्ये नाही, लंडनला पडलं. जॉन वीव्हर हा नृत्यशिक्षक. फ्युयेचं पुस्तक इंग्रजीत आणणारा हाच. २ मार्च १७१७ रोजी ड्रुरी लेन नाट्यगृहात त्याने मार्स आणि व्हीनस या रोमन देवांच्या प्रेमाची गोष्ट केली: एक शब्द नाही, एक गाणं नाही, सगळं नाचातून. व्हीनस झाली हेस्टर सँटलो, आणि तिचा फसवला गेलेला नवरा व्हल्कन स्वतः वीव्हर. लोकांना कळेल की नाही ही धास्ती असणारच, म्हणून त्याने पुस्तिकेत कुठल्या भावाला हात कुठे हे लिहून दिलं. मत्सर असेल तर मधलं बोट डोळ्याकडे. राग असेल तर उजवा हात डाव्यावर फाडकन. कौतुक असेल तर उजवा हात वर, तळवा आकाशाकडे, बोटं मिटलेली, मग मनगट एका झोकात फिरवून बोटं उघडायची, अंग मागे, नजर समोरच्यावर खिळलेली.

पुढचं प्रतिसादांत लिहिते, हात भरून आलेत.

उत्तररात्र

वाचनखूण साठवली. सावकाश लिही, पण थांबू नकोस.

अबोली_क

पागोळीताई, ते कौतुकाचं वाचून उठले आणि आरशासमोर केलं. वीस वर्षं भरतनाट्यम करतेय, त्यामुळे हाताला सवय आहे, तरी पहिल्यांदा जमलं नाही. मनगट फिरवताना बोटं आधीच उघडत होती. बोटं शेवटपर्यंत मिटलेली ठेवली आणि मनगट पुरतं फिरल्यावर सोडली, तेव्हा काहीतरी घडलं. अंग आपोआप मागे जातं! म्हणजे ‘अंग मागे’ ही वेगळी सूचना नाही, हाताचा झोकच अंगाला मागे नेतो. हा माणूस स्वतः नाचणारा होता हे एवढ्यावरून कळतं.

मत्सराचं मधलं बोट मात्र मला परकं वाटलं. आमच्याकडे मत्सर आधी नजरेत येतो, हात मागून.

एक विचारायचंय. मुखवटा घालून हे सगळं कसं करत होते?

तिकोना

बॅलेला खरं रूप नोव्हेर या फ्रेंच नृत्यरचनाकाराने दिलं ना? २९ एप्रिल हा जागतिक नृत्य दिन त्याच्याच वाढदिवसाचा आहे. त्याच्याबद्दल अजून एक ओळ नाही म्हणून विचारलं.

पागोळी

अबोली, मनगटाचं वाचून फार बरं वाटलं. मी नुसतं वाचलं होतं.

वीव्हरने रंगमंचावर मुखवटे ठेवले की नाही यात शिरत नाही, पण पॅरिसमध्ये पुरुषांचे मुखवटे शतकाच्या उत्तरार्धापर्यंत टिकले. १७७२ मध्ये एका प्रयोगात गाएतान व्हेस्त्रीस या गाजलेल्या नर्तकाऐवजी मॅक्सिमिलियन गार्देलला अपोलो देवाची भूमिका करायची होती. लोकांनी आपल्याला व्हेस्त्रीस समजू नये म्हणून तो मुखवटा न घालता, स्वतःच्या केसांनिशी मंचावर आला, असं सांगतात. कारण एवढं घरगुती, पण त्यानंतर मुखवटे मागे पडत गेले.

तिकोना, नोव्हेरकडे येतेच. त्याआधी दोन बायका. त्यांना ओलांडून मी पुढे जाणार नाही.

मारी कामार्गो आणि मारी सॅले. दोघी फ्रांस्वाज प्रेव्हो या नर्तकीच्या शिष्या. कामार्गो ब्रुसेल्सची, १७२६ मध्ये पॅरिस ऑपेरात आली. उडी मारून हवेत पाय एकमेकांवरून आलटून-पालटून न्यायचे, हे तोवर पुरुषांचं काम मानलं जाई. तिने ते केलं, आणि पाय दिसावेत म्हणून झगा घोट्यांच्या वर घेतला. थोडाच, पण घेतला.

सॅले उलट्या बाजूची. तिला उड्यांत रस नव्हता. १७३४ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला तिने स्वतः बसवलेला ‘पिग्मॅलियन’ केला. शिल्पकाराने घडवलेली मूर्ती जिवंत होते, ती गोष्ट. मूर्ती म्हणून ती आली ती सांगाडा नाही, डोक्यावर दागिना नाही, केस मोकळे, अंगावर ग्रीक पुतळ्यासारखी चोपलेली मलमल. मूर्ती सांगाड्याचा झगा घालून कशी उभी राहील, इतका साधा विचार. पण तो करायला आणि त्या वेषात लोकांसमोर उभं राहायला छाती लागते. पुढच्याच वर्षी हँडेलच्या ‘अल्चिना’ या ऑपेरात ती पुरुषी वेषात क्युपिड, म्हणजे प्रेमाचा देव झाली तेव्हा तिथेच तिची हुर्यो झाली आणि ती पॅरिसला परतली.

नोव्हेर जन्मला १७२७ मध्ये. सॅलेने मलमल नेसली तेव्हा तो सात वर्षांचाही झाला नव्हता. तो मोठाच होता, पण ‘त्याने बॅले घडवला’ म्हटलं की वीव्हर आणि सॅले पुसले जातात, आणि ते मला सहन होत नाही.

वाटसरू

नोव्हेरबद्दल मी भर घालतो, चालेल ना?

१७५४ मध्ये पॅरिसला त्याचा चिनी जत्रेचा बॅले गाजला. लंडनचा नामवंत नट डेव्हिड गॅरिक याने तो १७५५ च्या नोव्हेंबरात लंडनला ड्रुरी लेनवर आणला. पण फ्रान्स आणि इंग्लंड युद्धाच्या उंबरठ्यावर होते. ‘फ्रेंच नर्तक नकोत’ म्हणून प्रेक्षागृहात दंगल झाली, बाकं मोडली, गॅरिकच्या घराच्या काचा फुटल्या. बॅले बंद करावा लागला. पण त्या दिवसांत नोव्हेरने गॅरिकचा अभिनय जवळून पाहिला, आणि माझ्या मते त्याचं खरं शिक्षण ते. चेहरा काय करू शकतो हे त्याने एका नटाकडून घेतलं. १७६० मध्ये त्याची नृत्यावरची पत्रं छापली गेली, पंधरा पत्रं, त्यांत गॅरिकवर पानंच्या पानं आहेत. मुखवटे फेका, सांगाडे फेका, बॅलेची गोष्ट बॅलेनेच सांगायला हवी, हा सगळा धोशा.

मग श्टुटगार्ट. वुर्टेम्बर्गच्या ड्यूक कार्ल ऑयगेनने पैसा ओतला. १७६३ मध्ये ड्यूकच्या वाढदिवसाला ‘मेदेया आणि जेसन’. नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःची मुलं मारते, आणि हे सगळं नाचातून, ड्यूकच्या वाढदिवसाला! जेसन होता गाएतान व्हेस्त्रीस. १७६७ मध्ये खर्च आवरायची वेळ आली आणि नोव्हेरला तिथून निघावं लागलं. पुढे व्हिएन्ना. तिथे त्याने राजकन्या मारी आंत्वानेतला नाच शिकवला, ती फ्रान्सची राणी झाल्यावर १७७६ मध्ये तिच्याच पाठबळाने त्याला पॅरिस ऑपेराची गादी मिळाली. ती त्याला फार काळ लाभली नाही. आतल्या लोकांनी त्याला आपलं कधी मानलंच नाही.

सारंगा

व्हिएन्नाचा विषय निघालाच आहे तर मला बोलू द्या, कारण हा माझा जीव की प्राण. नोव्हेर तिथे पोचायच्या आधीच तिथे हे सगळं घडलेलं होतं. हिल्व्हरडिंग नावाचा बॅलेमास्टर, म्हणजे बॅले बसवणारा, आधीपासून मूकाभिनयाने गोष्टी सांगत होता, आणि त्याचा शिष्य गास्पारो आंजोलिनी. १७ ऑक्टोबर १७६१ रोजी बुर्गथिएटरमध्ये आंजोलिनीने ‘डॉन जुआन’ केला, बायकांना फसवणाऱ्या रंगेल सरदाराची गोष्ट. संगीत ग्लुकचं.

पुढे आंजोलिनी आणि नोव्हेर यांचं छापील भांडण जुंपलं. आंजोलिनीने १७७३ मध्ये नोव्हेरला उद्देशून पत्रं छापली. एक मुद्दा मानाचा: हे पहिल्यांदा माझ्या गुरूने केलं, तू नाही. दुसरा फार खोल. नोव्हेर प्रेक्षकांना लांबलचक पुस्तिका वाटे, कोण कोणाचा कोण, कुठल्या अंकात काय. आंजोलिनी म्हणाला, नाच बघून कळत नसेल तर पुस्तिका देऊन काय उपयोग? मला विचाराल तर हा मुद्दा आंजोलिनीने जिंकला.

आणि पागोळी, ‘काय उरलं’ हा तुमचा प्रश्न. पावलं गेली, पण ‘डॉन जुआन’चं संगीत पूर्ण आहे. कृपा करून ऐका. छोटे छोटे तुकडे आहेत. शेवटी पाताळातल्या शक्ती त्याला ओढून नेतात तो तुकडा डी मायनर या स्वरपट्टीत. व्हायोलिनं वर-खाली अशी धावतात की डोळे मिटून ऐकलं तरी कोणीतरी कोणालातरी फरफटत नेतंय हे दिसतं. ग्लुकला स्वतःलाही तो इतका आवडला की १७७४ मध्ये पॅरिसच्या ‘ऑर्फे’ या आपल्या ऑपेरात त्याने तोच पाताळातल्या नाचासाठी पुन्हा वापरला. अंग कुठे वळत असेल, पाऊल कुठे पडत असेल याचा अंदाज त्या सुरांवरून बांधता येतो.

तिकोना

सारंगा, पुस्तिकेबद्दल असहमत. वीव्हरनेही पुस्तिका दिलीच होती. नवी भाषा शिकवायची तर आधी शब्दार्थ द्यावे लागतात. दोन पिढ्यांनी ते काढून टाकता येतात.

पण मग नोव्हेरचा एकही बॅले का उरला नाही? तो तर आयुष्यभर लिहीत होता.

पागोळी

त्याने पत्रं लिहिली, पुस्तिका लिहिल्या, नाच लिहिला नाही. फ्युयेच्या पद्धतीवर त्याचा विश्वासच नव्हता. ती फक्त पाय लिहिते, म्हणजे जे महत्त्वाचं तेच सुटतं, हे त्याचं म्हणणं. चित्रकाराने नर्तकांचे समूह रेखाटावेत असं त्याने सुचवलं होतं. त्याचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही. मेदेयाचा चेहरा त्या काट्यांमध्ये लिहायचा कसा? पण परिणाम असा झाला की शतकाच्या सुरुवातीच्या, शोभेच्या नाचांची पावलं आपल्याला मोजता येतात, आणि ज्या नाचांनी युरोपला रडवलं त्यांचं एक पाऊलही नाही.

तिकोना, पुस्तिकेचा तुमचा मुद्दा पटला. सारंगाचाही पटतो, काय करू.

उत्तररात्र

एक शंका. हे सगळं राजे आणि ड्यूक यांच्या पैशावर. नाचणारी माणसं कोण होती?

वाटसरू

बरीचशी नर्तकांच्याच घरांतली. व्हेस्त्रीसचा मुलगा ऑग्यूस्त, गार्देल भाऊ. पण रशियाचं उदाहरण बघा. १७३८ मध्ये झां-बाप्तिस्त लांदे या फ्रेंच शिक्षकाने महाराणी आनाकडून परवानगी मिळवली आणि सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यात शाळा सुरू केली. बारा मुलगे, बारा मुली, राजवाड्यातल्या नोकरचाकरांची मुलं. आज जगभर जो ‘रशियन बॅले’ म्हणून मानला जातो त्याची मुळं त्या चोवीस मुलांत आहेत. त्यांना कोणी विचारलं असेल का, नाचायचंय का म्हणून? मला हा प्रश्न दर वेळी टोचतो.

कोपनहेगनकर

धागा आज बघितला. पागोळी, एक पाऊलही उरलं नाही हे पूर्ण खरं नाही! आमच्या गावात उरलंय.

व्हिन्चेन्झो गालेओत्ती हा इटालियन इथे येऊन बॅलेमास्टर झाला. ३१ ऑक्टोबर १७८६ रोजी त्याने ‘क्युपिड आणि बॅलेमास्टर यांच्या लहरी’ हा छोटा बॅले केला, संगीत येन्स लोलेचं. वेगवेगळ्या देशांच्या, वेगवेगळ्या वयांच्या जोड्या लग्नासाठी क्युपिडच्या देवळात येतात. क्युपिड सगळ्यांचे डोळे बांधतो आणि जोड्यांची अदलाबदल करतो. पट्ट्या सुटतात आणि एकच गोंधळ. बस, एवढीच गोष्ट. पण रॉयल डॅनिश बॅलेने तो जपला. मूळ रचनेसह टिकलेला सर्वांत जुना बॅले म्हणून याचंच नाव घेतलं जातं. तो कागदावर टिकलेला नाही. नाचणाऱ्याने पुढच्याला दाखवला, त्याने त्याच्या पुढच्याला. इतक्या हातांतून आल्यावर काही बदललं असणारच, हेही मान्य करतो.

मी एकदा पाहिलाय. मला त्यातल्या म्हाताऱ्या जोडप्याचा नाच आठवतो. दोघं वाकलेली, पाय जड, पण ताल एकदाही चुकत नाही. त्यातलं आफ्रिकन जोडप्याचं चित्रण मात्र आज बघवत नाही, तेही सांगायला हवं. त्या काळाची नजर त्यात आहे.

आणखी एक धागा. नोव्हेरचा शिष्य आंत्वान बुर्नोव्हील आधी तुमच्या गुस्ताव राजाच्या स्टॉकहोममध्ये होता, १७९२ मध्ये इथे आला. त्याचा मुलगा ऑगस्ट पॅरिसला ऑग्यूस्त व्हेस्त्रीसकडे शिकला. ऑगस्टची शिकवण इथल्या वर्गांत आजही चालते. म्हणजे नोव्हेरचे बॅले गेले, पण त्याच्याकडून सुरू झालेली शिक्षकांची ओळ इथल्या मुलांपर्यंत येते.

पागोळी

कोपनहेगनकर, हे वाचून मी खुर्चीतून उठले. ‘एक पाऊलही नाही’ मागे घेते. नोव्हेरपुरतं ठेवते.

ड्रॉटनिंगहोममध्ये नाचलेल्यांपैकी कोणी १७९२ नंतर तुमच्या गावात गेलं असेल हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं.

एक राहिलं ते लिहिते. नोव्हेरचा सगळ्यांत लाडका वारस दोबर्व्हाल. तो पॅरिस सोडून बोर्डोला गेला. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात १ जुलै १७८९ रोजी त्याने एक बॅले केला. देव नाही, राजा नाही, मेदेया नाही. शेतावरची मुलगी, तिचा शेतकरी प्रियकर, आणि तिचं लग्न श्रीमंताशी लावायला निघालेली विधवा आई. नाव दिलं होतं ‘गवताच्या काडीचा बॅले’. पहिल्या प्रयोगाचं संगीत म्हणजे लोकांना माहीत असलेल्या फ्रेंच चालींची गुंफण. दोनच आठवड्यांनी पॅरिसमध्ये बास्तीलचा तुरुंग पडला, फ्रेंच क्रांती पेटली. दोबर्व्हालला पुढचं काही ठाऊक नव्हतं, पण शेतावरच्या माणसांना त्याने मधोमध उभं केलं. तीच गोष्ट आज ‘ला फीय माल गार्दे’ या नावाने जगभर होते. पावलं नंतरच्यांची, संगीतही बदललेलं, पण आई, मुलगी आणि तिचा शेतकरी त्याचेच.

अबोली_क

पागोळीताई, तुम्ही सांगितलेलं फ्युयेचं एक पान शोधून काढलं. साधंच, दोघांचं नृत्य. रविवारी हॉलमधलं फर्निचर भिंतीला लावलं आणि मी व माझ्या शिष्येने दोन्ही वाटा खडूने फरशीवर काढल्या, तिची पांढऱ्या, माझी पिवळ्या. पायांचे काटे वाचायला तासभर गेला. सुरावट मोबाइलवर लावली. पहिले चार ताल बरे गेले. पाचव्याला दोन्ही रेघा एकमेकींकडे वळतात आणि आम्ही धडकलो. तीनदा धडकलो. मग लक्षात आलं की मी पान फिरवत होते पण नजर पानावरच होती. नजर तिच्याकडे ठेवली तशी वळण आपोआप रुंद झालं आणि दोघी एकमेकींना वळसा घालून निघालो.

खडू अजून पुसलेला नाही. पुढच्या रविवारी नवव्या तालापासून.